कोरफडीचा गर आणि आपली कातडी: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा माणूस गल्लीत झाडपाल्याचा डॉक्टर ठरतो. मी डॉक्टर नाही, हे मंगळवार पेठेत इतकी वर्षं सांगतोय, तरी रविवारी सकाळी दारात कोणीतरी उभं असतंच. "सर, डॉक्टर नसला म्हणून काय झालं, कोरफड लावू का नको तेवढं सांगा की." गॅसवर हात पोळलेल्या वहिनी, तालमीतली पोरं, गुऱ्हाळावरचे गुळवे, नवी चप्पल चावलेले पुण्याचे पाव्हणे, सगळ्यांचं औषध एकच आणि शंकाही साधारण त्याच. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

पान कापलं की पिवळं पाणी गळतं. ते औषध का इख?

हा प्रश्न मी मुद्दाम पहिला घेतलाय, कारण पुढचे निम्मे प्रश्न यातूनच निघतात. कोरफडीच्या पानात एक नाही, दोन द्रव असतात. एक पिवळा, एक पारदर्शक. दोघांचं काम वेगळं, रसायनं वेगळी, गुणही वेगळे.

जाड पान बुडाशी आडवं कापा आणि कापलेला भाग उजेडात धरून बघा. बाहेर हिरवी साल, आत काचेसारखा गर. साल आणि गर यांच्यामध्ये, सालीला चिकटून, बारीक ठिपक्यांची ओळ दिसते. त्या पानाच्या नळ्या, पाणी आणि अन्न वाहणाऱ्या. त्यांना लागून असलेल्या पेशींत पिवळा चीक भरलेला असतो. मिनिटभरात प्रत्येक ठिपक्यावर हळदीच्या पाण्यासारखा थेंब जमतो, ओघळतो, आणि थोड्या वेळानं तपकिरी पडतो. जिभेला लागला तर कडू जहर. हे कडूपण प्रामुख्यानं ॲलोइन नावाच्या रसायनाचं. खायला आलेल्या जनावरानं दुसरा घास घेऊ नये, म्हणून झाडानं केलेला हा बंदोबस्त आहे. हाच चीक आटवून, वाळवून काळा बोळ होतो, जो काष्ठौषधीच्या दुकानात काळ्या चकचकीत खड्यांच्या रूपात मिळतो.

त्वचेला शांत करतो तो पारदर्शक गर. पिवळा चीक उलट कातडीला झोंबू शकतो. मला हे पुस्तकातून कळायच्या आधी हातावर कळलं. बारावीच्या सुट्टीत मामाच्या उसात पाला काढायला गेलो होतो. उसाच्या पात्यांनी दोन्ही हातांवर बारीक चिरा पडल्या, आग व्हायला लागली. बांधावरची कोरफड मोडली आणि सालीसकट, चिकासकट खसाखसा चोळली. रात्री हातांवर लाल पट्टे उठले. मामी म्हणाली, "उसानं नाही एवढं तुझ्या शहाणपणानं केलं."

मग गर काढायचा कसा?

बाहेरच्या बाजूचं, जुनं, जाड पान बुडाशी कापा. कापलेली बाजू खाली करून वाटीत तिरकं उभं ठेवा, दहा-पंधरा मिनिटं. चीक निथळून जातो. मग पान धुवा, दोन्ही कडांचे काटे काढा, वरची साल सुरीनं जाडसर तासा. पातळ तासली तर पिवळा थर गरालाच राहतो. निघालेली लादी वाहत्या पाण्याखाली धरा, पिवळसर झाक गेली की झालं. मिक्सर लागत नाही. उरलेला गर झाकून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, त्यापुढे नाही. तो बाहेर आला की त्यातल्या लांब साखळ्या तुटायला लागतात आणि जंतूंनाही ओल आणि साखर आवडतेच. वास बदलला, पाण्यासारखा पातळ झाला, की टाकून द्या. "थंड आहे ना, मग चांगलाच असेल" हे फ्रीजमधल्या सगळ्याच गोष्टींबद्दल आपल्याकडे बोललं जातं.

त्या गरात असतं तरी काय?

पाणी. साधारण ९९ टक्के पाणी. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो, पण सगळी गंमत उरलेल्या एक टक्क्यात आहे. त्यात साखरेच्या लांब साखळ्या, थोडी सुटी साखर, क्षार, काही एन्झाइमं, सॅलिसिलिक आम्लाचा अंश असं बरंच काही सापडतं. मुख्य साखळीचं नाव ॲसेमॅनन. मॅनोज नावाच्या साखरेचे मणी एकापुढे एक ओवलेले, आणि त्यांना ठिकठिकाणी ॲसिटिल गट चिकटलेले.

अशी साखळी पाण्यात काय करते, हे कोल्हापूरकरांना वेगळं शिकवायला नको. गुऱ्हाळावर रस उकळताना मळी वर आणायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. हात घालून बघितलाय कधी? बोटांतून तार सुटते. तो चिकटपणाही अशाच लांब साखळ्यांचा. त्या पाण्याला धरून ठेवतात, सहजासहजी वाहू देत नाहीत. कोरफडीला हे पाणी उन्हाळ्यासाठी साठवायचं असतं. आपण ते चोरून हाताला लावतो.

लावल्यावर गार वाटतं ते नुसतं वाटणं आहे का खरंच काही होतं?

दोन्ही. गार वाटतं ते मुख्यतः पाणी उडून जाताना कातडीची उष्णता घेऊन जातं म्हणून. माठातलं पाणी गार होतं तेच कारण. यात औषध म्हणावं असं काही नाही, पण आग होणाऱ्या माणसाला आराम खरा असतो.

दुसरं काम ओलाव्याचं. साखळ्यांचा पातळ पापुद्रा कातडीवर बसतो आणि काही काळ पाणी धरून ठेवतो. गराचा सामू साडेचारच्या आसपास, म्हणजे किंचित आंबट. निरोगी कातडीचा वरचा थरही किंचित आम्लच असतो, त्यामुळे गर तिला परका वाटत नाही. कपड्याच्या साबणाचं तसं नाही, तो अल्कधर्मी असतो आणि म्हणून कातडी ओढल्यासारखी होते.

तिसरं काम दाहाचं, आणि इथं जपून बोलावं लागतं. जखम झाली की शरीर ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन सोडतं. त्यानं दुखतं आणि सुजतं. हे रसायन तोडणारी एन्झाइमं कोरफडीत सापडली आहेत. प्रयोगशाळेतल्या बशीत ॲसेमॅनन टाकलं की नवी कातडी विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी वाढतात, असंही दिसलंय. पण बशीत पेशी उघड्या पडलेल्या असतात. आपल्या हातावर त्यांच्यावर मेलेल्या पेशींच्या शिंगट थराचं छप्पर आहे आणि ॲसेमॅनन हा भला मोठा रेणू. धड कातडीतून तो खाली सहज उतरत नाही. म्हणून "पेशींना नवजीवन देते" असं बाटलीवर वाचलं की मी बाटली खाली ठेवतो.

एक व्यवहारातली गोष्ट. गरात तेल नसतं. थंडीच्या कोरड्या दिवसांत नुसता गर लावला तर तो वाळून कातडी ताणल्यासारखी होते. वरून खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलिनचा हलका हात फिरवा. गर पाणी देतो, तेल त्यावर झाकण ठेवतं.

भाजलं की लगेच कोरफड लावायची ना?

नाही. लगेच नळ. भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शाई तर नकोच. वीस मिनिटं फार वाटतात, मला ठाऊक आहे. घड्याळ लावून धरा. वरची कातडी गार लागली तरी आतला थर तापलेलाच असतो आणि तो आत आत शिजत जातो. ते थांबवायचं काम पाण्याचं आहे. कोरफडीचा तुकडा तेवढी उष्णता ओढून घेऊ शकत नाही.

गुऱ्हाळावरच्यांसाठी वेगळं सांगतो. पाणी १०० अंशाला उकळतं, पण गूळ काहिलीतून उतरवायच्या वेळी पाक ११८ अंशांच्या आसपास गेलेला असतो. शिवाय तो चिकटतो. उकळतं पाणी अंगावरून ओघळून तरी जातं, पाक तिथंच बसून भाजत राहतो. अशा वेळी तो ओरबाडून काढू नका, कातडी त्याच्याबरोबर येते. पाण्याखाली धरा, साखर आहे, विरघळेल. अंगठी, कडं, घड्याळ सूज यायच्या आत काढा. मग दवाखाना.

आता कोरफडीची पाळी. थायलंडमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये भाजण्यावरच्या चार चाचण्या एकत्र करून तपासल्या, मिळून ३७१ रुग्ण. कोरफड लावलेल्यांच्या जखमा सरासरी जवळपास नऊ दिवस आधी भरल्या. हा आकडा लहान नाही. पण चारही चाचण्यांत कोरफड वेगवेगळ्या रूपात होती, कुठं गर, कुठं मलम, आणि तुलनाही सारख्या उपचाराशी नव्हती. पुढं २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षकांनी सगळ्या प्रकारच्या जखमांवरच्या सात चाचण्या चाळल्या आणि वापरा म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही, असं लिहिलं.

मी काय करतो? तव्याचा चटका, इस्त्रीचा डाग, कातडी लाल झाली पण फुटली नाही, एवढ्यावर पाण्यानंतर गर लावतो. फोड मोठा आला, कातडी पांढरी किंवा काळी पडली, भाजलेला भाग तळहातापेक्षा मोठा आहे, चेहरा किंवा हाताची बोटं भाजलीत, किंवा लहान मूल आहे, तर कुंडीकडं बघतसुद्धा नाही, सरळ सीपीआर रुग्णालयाची वाट धरतो.

जोतिबाच्या यात्रेला जाऊन आलो, मान आणि हात उन्हानं लाल झालेत. लावू?

लावा, बरं वाटेल. चैत्राच्या उन्हात डोंगर चढून आल्यावर काय अवस्था होते ते मी भोगलंय, वर गुलालही असतो. आधी गुलाल साध्या पाण्यानं धुवा, घासू नका.

विज्ञान इथं दोन तोंडांनी बोलतं. जर्मनीत २००८ मध्ये ४० लोकांच्या पाठीवर मुद्दाम अतिनील किरणांचा डाग पाडून ९७.५ टक्के कोरफडीचं जेल लावलं गेलं. दोन दिवसांनी लाली कमी झालेली दिसली, पण एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडच्या क्रीमइतकी नाही. थायलंडमध्ये २००५ मध्ये २० जणांवर ७० टक्के कोरफडीचं क्रीम वापरलं, तिथं उन्हानं पोळलेल्या कातडीवर काहीच फरक पडला नाही. आधी लावून ऊन अडतंय का, हेही त्यांनी बघितलं. अडलं नाही. तेव्हा कोरफड चोपडून उन्हात हिंडू नका. टोपी, उपरणं आणि सनस्क्रीन यांना ती पर्याय नाही.

ऑपरेशनच्या टाक्यांवर लावली तर व्रण लवकर भरेल का?

नका लावू. १९९१ मध्ये अमेरिकेत सिझेरियन किंवा पोटाच्या ऑपरेशननंतर ज्यांची जखम उघडली होती अशा २१ बायकांवर चाचणी झाली. नेहमीच्या पद्धतीनं ज्यांची मलमपट्टी केली त्यांच्या जखमा सरासरी ५३ दिवसांत भरल्या, कोरफडीचं जेल वापरलेल्यांच्या ८३ दिवसांत. चाचणी लहान आहे, मान्य. पण महिनाभराचा फरक उलट्या दिशेनं पडलाय. वरवरच्या चटक्याला जे चालतं ते खोल जखमेला चालेलच असं नाही. त्यातून घरी काढलेला गर निर्जंतुक नसतो.

रेडिएशन चालू आहे, तिथली कातडी काळवंडलीय. कोणीतरी कोरफड सांगितली.

या सल्ल्याला इतिहास आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत कॉलिन्स आडनावाच्या दोघांनी क्ष-किरणांनी जळलेली कातडी कोरफडीच्या ताज्या पानानं बरी झाल्याचं लिहिलं, आणि आधुनिक वैद्यकाचं या झाडाकडं लक्ष गेलं ते मुख्यतः तिथून. पुढं काटेकोर चाचण्या झाल्या तेव्हा रेडिएशनचा त्रास टाळायला ती उपयोगी पडते असं ठामपणे दिसलं नाही. उपचार चालू असताना त्या भागावर काय लावायचं आणि कधी, हे रेडिएशनच्या डॉक्टरांनाच विचारा. घरची वस्तू असली तरी विचारा.

सोरायसिस कोरफडीनं बरा होतो म्हणतात.

बरा होत नाही, म्हणजे कायमचा जात नाही. खवले आणि लाली कमी होते का, एवढाच प्रश्न आहे, आणि त्यावर दोन चाचण्या एकमेकींच्या शेजारी ठेवण्यासारख्या आहेत. १९९६ मध्ये ६० रुग्णांवर अर्धा टक्का कोरफडीचं क्रीम वापरलं गेलं. कोरफडीच्या गटातले ३० पैकी २५ बरे वाटले, नुसत्या क्रीमच्या गटातले दोन. छापील जगात खळबळच. मग २००५ मध्ये डेन्मार्कमध्ये ४१ रुग्णांवर बाजारातलं जेल तपासलं. एका बाजूला कोरफड, दुसऱ्या बाजूला दिसायला तसंच पण कोरफड नसलेलं जेल. कोरफडीच्या बाजूला ७२.५ टक्के ठिकाणी सुधारणा, आणि बिनकोरफडीच्या बाजूला ८२.५ टक्के!

मला हा दुसरा निकाल फार आवडतो. कोरफड फोल ठरली म्हणून नाही. कुठलंही ओलसर जेल रोज दोन वेळा नेमानं लावलं तर कोरडी, खवल्यांची कातडी मऊ पडते, हे त्यात दिसतं. आपल्या शेजारणीला "कोरफडीनं गुण आला" असतो तेव्हा त्यात कोरफड किती आणि रोज निगुतीनं लावणं किती, हे तिला कसं कळणार?

तालमीतल्या पोरांना गजकर्ण होतं. गर चालेल?

अजिबात नाही, आणि या प्रश्नावर माझा आवाज जरा चढतो. गजकर्ण म्हणजे बुरशी. तिला ओल हवी, ऊब हवी, आणि घामाचा लंगोट तर तिला सासुरवाडीसारखा. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. त्यावर आणखी ओला गर चोपडणं म्हणजे पाहुणचार. खाज तासभर थांबते, कारण गार वाटतं. चट्टा मात्र कडेनं पसरत राहतो.

याहून वाईट म्हणजे दुकानातून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून घेतलेलं मलम. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. लाली दोन दिवसांत जाते, पोरगं खूश, आणि बुरशी आत निवांत वाढते. मग ती नेहमीच्या औषधालाही लवकर दाद देत नाही. कातडीच्या डॉक्टरांना दाखवा, सांगितलेले आठवडे पूर्ण करा, टॉवेल आणि लंगोट वेगळे ठेवा, उन्हात कडक वाळवा. गावातल्या एका तालमीत वस्तादांनी हा नियम केला आणि "गजकर्ण बरं होईपर्यंत लाल मातीत पाय नाही" म्हणून सांगितलं. पोरं पंधरा दिवस रुसली होती.

मुरमांवर?

कोरफडीला मुरूम आवडतो, पण जमिनीतला! तोंडावरच्या मुरमांवर एकटी कोरफड फारसं करत नाही. ट्रेटिनॉइन नावाच्या औषधाबरोबर कोरफडीचं जेल दिलं तर नुसत्या ट्रेटिनॉइनपेक्षा बरा परिणाम आला, अशी इराणमधली २०१४ ची एक चाचणी आहे. पण मुख्य औषध ट्रेटिनॉइन. ते डॉक्टरांना विचारूनच, आणि गरोदर बाईनं नाहीच.

नवी कोल्हापुरी चप्पल चावली.

चावणारच. हिरडा आणि बाभळीच्या सालीनं कमावलेलं कातडं आहे, पायाशी ओळख व्हायला वेळ लागतो. अंगठ्याजवळ नुसतं लाल झालं असेल तर गर लावा. फोड असेल तर फोडू नका, झाका, दोन दिवस दुसरी चप्पल घाला. आणि गर पायाला लावा, तेल चप्पलला. एका पाव्हण्यांनी उलटं केलं होतं.

बाजारची हिरवी ट्यूब चांगली का घरचं पान?

आधी रंग. गर पाण्यासारखा, फार तर किंचित पांढुरका असतो. पोपटी हिरवा रंग हा बाहेरून घातलेला. लोकांना कोरफड हिरवीच हवी असते, कंपनी तरी काय करणार.

मग मागची यादी वाचा. कॉस्मेटिकच्या लेबलवर जे जास्त ते आधी, अशा क्रमानं घटक लिहितात. कोरफड तिथं बहुधा 'ॲलो बार्बाडेन्सिस' या नावानं असते. आश्चर्य वाटून घेऊ नका, तेच झाड. १७६८ च्या एप्रिलमध्ये दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी दहा दिवसांच्या अंतरानं त्याला दोन नावं दिली. बर्मनचं ॲलो व्हेरा आधी छापलं गेलं म्हणून शास्त्रात ते टिकलं, मिलरचं दुसरं नाव लेबलावर उरलं. हे नाव यादीत सुगंध आणि रंगाच्या शेजारी शेवटाकडं असेल, तर ट्यूबमध्ये कोरफड नावापुरती.

'भुकटी २०० पट' असं कुठं वाचलंत तर घाबरू नका. साधा हिशेब आहे. गरात साडेनव्याण्णव टक्के पाणी धरलं तर एक किलो गर सुकवून हातात पाच ग्रॅम उरतात. पाच ग्रॅमात पुन्हा पाणी घातलं की किलोभर. प्रश्न एवढाच की ती पाच ग्रॅम कशाची. माल्टोडेक्स्ट्रिन नावाची स्वस्त पिठासारखी पावडर त्यात मिसळायची चाल जगभर आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत काही मोठ्या दुकानांची स्वतःच्या नावानं विकली जाणारी जेलं प्रयोगशाळेत तपासली, तर त्यांत ॲसेमॅननचा मागमूस नव्हता. लेबलवर मात्र कोरफड पहिल्या ओळीत.

मी स्वतः एकदा फसलोय. दुकानाचं नाव सांगत नाही, मालक ओळखीचे आहेत. 'शुद्ध गर' म्हणून घेतलेली बाटली सहा महिने खिडकीत उन्हात राहिली आणि ना रंग बदलला, ना वास. खरा गर एवढा सोशिक नसतो.

तरी ट्यूबचा एक फायदा मानावा लागतो. चीक काढलेला असतो आणि जंतू वाढू नयेत याची सोय असते. ज्याला पान नीट सोलायचा कंटाळा आहे त्यानं बिनसुगंधी, बिनरंगाची ट्यूब घ्यावी.

ॲलर्जी होते का?

काहींना होते. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा गर लावा आणि एक दिवस थांबा. लाल झालं, खाज आली, तर कोरफड तुमच्यासाठी नाही. कांदा-लसूण चिरताना ज्यांच्या हातांना पुरळ येतं त्यांनी ही परीक्षा जरूर करावी.

रोज सकाळी रस प्यायला तर कातडी आतून उजळते ना?

कातडीचं राहू द्या, आधी पोटाचं बघू. पान सालीसकट मिक्सरमध्ये फिरवून जे पितात ते पिवळा चीकही पितात. मोठ्या आतड्यातले जिवाणू ॲलोइनचं रूपांतर अशा रसायनात करतात की आतडं जोरानं आवळायला लागतं आणि पाणी शोषायचं थांबतं. साध्या भाषेत, जुलाब. काही दिवस हेच चाललं तर पोटॅशियम घटतं. हृदयाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला ते महागात पडतं. गरोदर बायकांनी तर लांबच राहावं.

अमेरिकेच्या औषध खात्यानं २००२ मध्ये कोरफडीच्या चिकाची जुलाबाची औषधं विनाचिठ्ठी विक्रीतून काढायला लावली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अख्ख्या पानाचा अर्क 'माणसात कर्करोगाला कारण ठरू शकेल' अशा २ब गटात टाकलाय, आणि तो मुख्यतः उंदरांवरच्या अभ्यासावरून. हे सगळं चिकाबद्दल आणि अख्ख्या पानाबद्दल आहे, हाताला लावायच्या धुतलेल्या गराबद्दल नाही. बातम्यांत हा फरक गळून जातो आणि मग शेजारच्या काकी विचारतात, "कोरफडीनं कॅन्सर होतो म्हणं?"

वैद्य कोरफडीचं कुमारी आसव देतात तो वेगळा विषय, वैद्यांच्या देखरेखीखाली.

शेताच्या बांधावर मोठमोठी कोरफड उगवलीय, ती चालेल?

आधी बघा ती कोरफड आहे की घायपात. हा घोळ दरवर्षी होतो. घायपाताचं पान वाकवलं तर सहज मोडत नाही, आत दोर असतो, टोकाला सुईसारखा टणक काटा. कोरफडीचं पान कट्‌कन मोडतं आणि आत गर लखलखतो. घायपात आयुष्यात एकदाच उंच दांडा काढतो, फुलतो आणि मरतो. कोरफड वर्षावर्षाला फुलते. घायपाताच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म सुईसारखे स्फटिक असतात. ते कातडीत घुसतात आणि भयंकर खाज सुटते. दोघंही परमुलखातले, घायपात अमेरिकेचा, कोरफड अरबस्तानची, आणि आपल्या बांधावर शेजारी राहायला आलेले.

आमची कोरफड पावसाळ्यात कुजते. काय चुकतं?

प्रेम. काळी माती आणि रोज पाणी. कुंडीत निम्मा मुरूम किंवा भरड वाळू घाला आणि जूनला कुंडी पत्र्याच्या आडोशाला सरकवा. चार महिने पाणी घातलं नाही तरी चालतं.

पान सकाळी तोडावं का संध्याकाळी?

औषधापुरता फरक पडत नाही, पण प्रश्न फार सुंदर आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात. कोरफड रात्री उघडते, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ती मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा दारं लावून त्याची साखर करते. त्यामुळे अशा झाडाचं पान पहाटे आंबट असतं आणि दुपारनंतर तो आंबटपणा जातो.

हे पहिल्यांदा नीट नोंदवलं गेलं ते भारतातच, आणि जिभेनं. बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८१३ मध्ये लंडनला पत्र लिहून कळवलं की पानफुटीचं पान सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडवट लागतं. पानफुटी आपल्याकडं दर तिसऱ्या अंगणात आहे. मी अकरावीच्या पोरांना सकाळी सहाला तिचा तुकडा चघळायला लावतो. कोरफडीवर मात्र हा प्रयोग नको, मध्ये चीक आहे.

दारावर उलटी टांगलेली कोरफड उतरवून वापरली तर?

नजर लागू नये म्हणून टांगलेली ना? वापरू नका. रस्त्याची धूळ आणि गाड्यांचा धूर तिनं वर्षभर खाल्लेला असतो, आणि पानं स्वतःचंच पाणी वापरून सुरकुतलेली असतात. गर निघतो तो दोरीसारखा.

मातीशिवाय, पाण्याशिवाय ती इतके महिने जगते ती नजरेच्या जोरावर नाही, रात्री दार उघडायच्या सवयीवर. आमच्या दारावरची गेल्या दिवाळीपासून लटकतेय. आईनं बांधलेली, त्यामुळे माझं शास्त्र तिच्यापुढं चालत नाही. मागच्या महिन्यात तिला बुडाशी, म्हणजे आता वरच्या बाजूला, एक पिल्लू फुटलं आणि ते वळून आभाळाकडं वाढायला लागलं. ते तेवढं काढून मी मुरमाच्या कुंडीत लावलंय. आई म्हणाली, "त्याला तरी कापू नकोस इतक्यात."